स्लॅबला टेकू

"हा कसला खांब?" आबांनी दारातूनच विचारलं.

त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती आणि पायात अजून वहाणा. माझ्या शिवणाच्या खोलीच्या मधोमध, जमिनीपासून छतापर्यंत, मनगटाएवढा जाड स्टीलचा खांब उभा होता. त्याच्या टोकाशी, स्टुलावर चढून, हाफ पँटमधली एक मुलगी पान्यानं नट आवळत होती.

"टेकू आहे, आबा," मी म्हणाले. "स्लॅबला."

"स्लॅबला?"

"हो. परवा मला जराशी भेग दिसल्यासारखी वाटली."

आबांनी वर पाहिलं. तो स्लॅब त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून ओतून घेतला होता आणि आमच्या लग्नात त्याच्यावर पंगतीच्या पंगती उठल्या होत्या. भेग सोडा, त्याला पापुद्राही नव्हता. मग त्यांनी खांबाकडे पाहिलं. इतका गुळगुळीत, इतका चकाकणारा टेकू मिरजेत कुणी कधी लावला नसेल. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"आणि ही कोण? गवंडी?"

"इंजिनिअर आहे," मी म्हणाले. एवढं तरी खरं होतं. केतकी इंजिनिअर होती, फक्त कॉम्प्युटरची.

"बरं," आबा म्हणाले. त्यांनी कोथिंबीर कटिंगच्या टेबलावर ठेवली आणि ते आत गेले.

माझ्या सासऱ्यांचं हे असं होतं. रागावले तरी 'बरं' आणि खूश झाले तरी 'बरं'. त्या घरात एवढी वर्षं काढूनही दोन्हींतला फरक मला ओळखू येत नव्हता, म्हणून प्रत्येक 'बरं' मी रागाचंच धरून चालायची. तेवढं सुरक्षित. माझे मिस्टर मस्कतला, वर्षातून एकदा घरी. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. घरात आम्ही दोघंच. मी मशीनवर, आबा पेपरात. संध्याकाळी ते व्यायामशाळेत जाऊन बसायचे. पूर्वी तिथे मुलांना शिकवायचे. गुडघे गेल्यापासून बाकावर बसून नुसते ओरडायचे. मी भाकरी वाढायची, ते 'पुरे' म्हणायचे. आमचं संभाषण म्हणजे साधारण एवढंच.

"खोटं का सांगितलंत, काकू?" स्टुलावरून उतरत केतकी कुजबुजली.

"मग काय सांगू? पोल डान्स?"

"हो!"

"केतकी, मी पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला ना, त्या दिवशी या माणसानं आमटी न घेता कोरडा भात खाल्ला होता."

ती तोंडावर हात धरून हसली. मला काही हसू आलं नाही.

या मुलीची आणि माझी गाठ पडली ती चड्डीवरून. हिवाळ्यात ती नमुन्याची एक चड्डी घेऊन आली आणि म्हणाली, काकू, अशा दोन शिवून द्या. मी ती टेबलावर पसरली. पसरायला फार काही नव्हतंच.

"अगं, बाकीचं कापड कुठाय हिचं?"

"एवढंच असतं. मांडी उघडी लागते ना. खांबाला कातडी धरते. कापड घसरतं."

"कसला खांब?"

तेव्हा तिनं सांगितलं. पुण्यात नोकरी करता करता शिकली होती, आता आई आजारी म्हणून मिरजेला परत आली होती आणि एका लग्नाच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर बायकांना शिकवत होती. "नाच कमी आणि कसरत जास्त," ती म्हणाली. "बघायला या. शिवण कुठे काचते ते कळेल तुम्हाला."

मी चड्डीसाठी गेले. अगदी देवाशपथ, चड्डीसाठीच.

शिवण मी कुणाकडे शिकले नाही. बहिणीचं ब्लाउज उसवून, कागदावर उतरवून, परत शिवून शिकले, आणि ते तिला कधीच कळलं नाही. गावातल्या निम्म्या बायकांची मापं मला तोंडपाठ होती. टेप कमरेला लागला की प्रत्येक बाई श्वास आत ओढते, हेही मला ठाऊक होतं. मी तो श्वास गृहीत धरूनच कापायची. कुणाचा दंड झाकायचा, कुणाचं पोट, कुणाची पाठ. माझं अर्धं कसब झाकण्याचंच होतं. स्वतःचं माप मात्र पिशवीच्या ऑपरेशननंतर मी घेतलंच नव्हतं. दोन वर्षं मी गाउनमध्ये होते. गाउन बाहेर जायचे वेगळे, घरातले वेगळे, एवढाच काय तो फरक. आंघोळीला दिवा न लावता जायची. दिवसा काय लावायचा, असं म्हणायची, पण आमच्या न्हाणीला खिडकी नव्हती.

तर मी त्या हॉलवर गेले आणि पाहिलं, की सरकारी दवाखान्यातल्या शमीम सिस्टर, माझ्याहून दोन मापांनी मोठ्या, खाली डोकं वर पाय करून खांबाला लटकल्यात, आणि चेहऱ्यावर हे एवढं हसू.

"ये गं शैला," त्या उलट्याच म्हणाल्या. "हितनं तू फार बारीक दिसायलीस."

केतकी म्हणाली, धरून तर बघा. फक्त लटका. मी दोन्ही हातांनी खांब धरला आणि पाय उचलले. जेमतेम श्वास घेईपर्यंत हात सुटले आणि मी खाली आले. पण मधे जे काही होतं, त्यात एक गोष्ट घडली होती. माझं सगळं वजन, जे मी दोन वर्षं झाकत होते, ते मी स्वतः उचललं होतं. इतकं जड काहीतरी मला उचलता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

मी तीन चड्ड्या शिवल्या. तिसरी माझ्या मापाची. त्यासाठी टेप कमरेला लावला तेव्हा मीही श्वास ओढलाच. मग सोडला आणि खरं माप घेतलं.

डॉक्टरीणबाईंना 'खांबाचा व्यायाम' म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, करा, पण हळूहळू. हळूहळूच चाललं होतं. तेवढ्यात हॉलच्या मालकाला कुणीतरी सांगितलं की तुमच्या माडीवर 'तसलं' चालतं. त्यानं केतकीला जागा सोडायला सांगितलं, आणि म्हणून तो खांब माझ्या खोलीत आला. छत उंच होतं, दाराला पडदा होता, आणि 'शिवणाचा क्लास' म्हटलं की चार बायका दुपारी आलेल्या कुणाला खटकत नाहीत. आबा त्या वेळी मागच्या खोलीत पडलेले असायचे. त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, यावर माझी सगळी भिस्त होती. डावा कान उशीवर असतो की वर, हा विचार मी केला नव्हता.

"दुपारी काय पडलं?" एकदा त्यांनी जेवताना विचारलं.

"कापडाचा तागा."

"जड दिसतोय."

"लोकरीचा आहे."

मिरजेत, एप्रिल महिन्यात.

"बरं," आबा म्हणाले.

मी पडत होते हे खरं. अर्ध्या खांबापर्यंत मी नीट जायची. पायाचा आकडा, गुडघ्यांची पकड, मग मांड्या आवळायच्या आणि एक हात सोडून वर घ्यायचा. तो हात सोडायची वेळ आली की मी घसरलेच. मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर जांभळे-हिरवे डाग पडले होते. शमीम सिस्टर त्यांना 'दागिने' म्हणायच्या. एकदा सकाळी मी जरा लंगडत चहा घेऊन गेले तर सहाणेवर आंबेहळद उगाळून ठेवलेली. "माझ्या गुडघ्याला उगाळली होती," आबा पेपरातून वर न बघता म्हणाले. "जास्त झाली. टाकू नको." मी ती नेऊन मांड्यांना लावली आणि मनात म्हटलं, बरं झालं बाई, यांचे गुडघे दुखतात ते.

मग एक दिवस सगळ्या गेल्यावर केतकी मागे रेंगाळली. खांब पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

"काकू, चौघींवर नाही चालणार हे. पुण्याहून बोलावतायत मला. आई म्हणते मी आता बरी आहे, तू जा."

"मग?"

"रविवारी बायकांना बघायला बोलवू. पाच-सहा जणी जरी तयार झाल्या ना, तरी मी राहते. नाहीतर महिनाअखेर खांब काढून नेते."

"बोलव की. तू मस्त दाखवशील."

"मी नाही दाखवणार. तुम्ही दाखवणार."

"मी? अगं, मी अर्ध्यावरून पडते!"

"मी दाखवलं तर त्या टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. सर्कस बघून जातात तशा. तुम्ही वर पोचलात, स्लॅबला हात लावलात, तर दुसऱ्या दिवशी चड्डी शिवायला येतील."

ती गेल्यावर मी त्या खांबाकडे बघत बसले. तो गेला तर जमिनीवर एक गोल डाग राहील, आणि मी परत गाउनमध्ये. मला तिकडे जायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते. ज्या बाईला इतके दिवस आरशात बघवत नव्हतं, ती आता अंधारात न्हाणीत जात नव्हती, दिवा लावत होती, आणि डाग मोजता यावेत म्हणून मुद्दाम वाकून बघत होती. एवढ्यासाठी चढायचं होतं. पण आबांना कळलं तर सगळं त्याच दिवशी संपणार होतं. घर त्यांचं, स्लॅब त्यांचा, गल्लीतलं नाव त्यांचं. ते ओरडतील याची मला भीती नव्हती. ते 'बरं' म्हणतील आणि कोरडा भात खातील, त्याची होती. त्यापुढे माझ्यानं खांबाला हात लाववला नसता.

रविवार केतकीनं मुद्दाम धरला होता, कारण त्या दिवशी व्यायामशाळेत मुलांच्या स्पर्धा होत्या आणि आबा दिवसभर तिथेच असणार होते. सकाळी ते बाहेर पडले. मी केर काढला, खिडक्यांना जुन्या साड्या लावल्या, चहाचं आधण ठेवलं. ठरल्या वेळेला बायका आल्या. काही माझी गिऱ्हाइकं, काही शमीम सिस्टरनी दवाखान्यातून गोळा केलेल्या, आणि समोरच्या मंदावहिनी, ज्यांना मी बोलावलंच नव्हतं.

"शैला, हे तेच ना गं? पिक्चरमधे असतं ते? बारमधलं?"

"तेच, वहिनी."

"आणि हे तू करणार?"

"हो."

"आता गं बया. हे तर बघायलाच पाहिजे." आणि त्यांनी पहिल्या रांगेतली खुर्ची आणखी पुढे ओढली.

केतकीनं थोडक्यात सांगितलं, हे काय, कशासाठी, आणि मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी गाउन काढला. खाली चड्डी आणि बनियनसारखा टॉप. मी आयुष्यात इतक्या बायकांना ट्रायलला उघडं पाहिलं होतं, पण त्या मला पाहत होत्या हे पहिल्यांदाच. पोटाची वळी चड्डीवर येऊन बसली होती. मी श्वास ओढला नाही. तसं ठरवूनच ठेवलं होतं.

"अगं शैला," मंदावहिनी म्हणाल्या, "तुला पाय आहेत की गं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. बरं वाटलं. त्याच हसण्यात मी खांबाला हात घातला, पायाचा आकडा लावला, अंग उचललं...

आणि सुळ्ळकन खाली. बुडावर. इतक्या जोरात की कटिंगच्या टेबलावरची कात्री उडाली.

"सुरुवात असते," केतकी घाईघाईनं म्हणाली. "काकू, परत."

परत धरलं. हात जणू लोण्यात घातला. या खेपेला जमिनीपासून वीतभरही उचलली गेले नाही, उभ्या उभ्याच बसले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. केतकीनं येऊन खांबाला बोट लावलं, ते नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तेल आहे हे. काकू, कुणीतरी तेल लावलंय खांबाला. वरपासून खालपर्यंत."

मला वास घ्यायची गरज नव्हती. माझ्या मांड्यांना लागलं होतं ते. जाडसर, चिकट, उग्र. एरंडेल. आमच्या घरात एरंडेलाची एकच बाटली होती आणि ती आबांच्या फडताळात असायची.

"मुद्दाम केलंय हे कुणीतरी," केतकी म्हणाली. "पडून डोकं फुटलं असतं तुमचं!"

"कुणीतरी कशाला," मंदावहिनी म्हणाल्या, "सासरे शहाणे आहेत हिचे. घरात तमाशा नको म्हणून केला बंदोबस्त. तोंडानं एक अक्षर बोलले नसतील बघ."

आबांना कळलं होतं, आणि हे त्यांचं उत्तर होतं. 'बरं'सुद्धा नाही. मी जमिनीवर बसूनच गाउन ओढून घेतला आणि अंगावर पांघरला. तेलाचे पाय आत घेतले.

"केतकी," मी म्हणाले, "काढ गं तो खांब. आजच काढ."

"असं कसं काकू..."

तेवढ्यात पडद्यामागे कुणीतरी खाकरलं.

"शैला."

आबा. शमीम सिस्टरनी तेवढ्यात एका उडीत खांबापुढे उभं राहून तो झाकायचा प्रयत्न केला. त्या रुंद आहेत, पण खांब छतापर्यंत होता.

"शैला, ऐकतीस का? मी आत येत नाही."

"हां, आबा."

पडद्याखालून त्यांचे पाय दिसत होते. वहाणा काढलेले. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते ते, पोरासारखे.

"स्पर्धेत मन लागंना, मघाशीच मागच्या दारानं येऊन पडलो होतो. आवाज वेगळा आला म्हणून उठून आलो."

"कसला आवाज?"

"पडल्याचा. रोज पडतीस तो निराळा. वरनं येतो, आधी चर्र होतं आन मग धप्प. आज चर्र झालंच नाही." ते थांबले. मग जरा अवघडून म्हणाले, "तेल कमी पडलं का गं?"

केतकी तेलाचं बोट तसंच धरून पडद्याकडे वळली.

"काय म्हणालात, आबा?"

"तेल. पहाटे उठून मीच लावलं, तू झोपली होतीस. वरपर्यंत हात पुरंना, काठीला फडकं बांधून लावलं. ती पोरगी इंजिनिअर हाय, तिला काय ठाऊक. महिनाभर कोरड्या खांबावर चढवायली तुला. कातडं सोलून निघतं अशानं. तुझे पाय... म्हणजे मी बघितले नाहीत. तू लंगडतीस ते बघितलं. आमच्या मल्लखांबाला आधी एरंडेल लागतं. तेल लावल्याबिगर मी एका पोराला कधी हात लावू दिला नाही."

खरं तर 'तू लंगडतीस ते बघितलं' या वाक्यावर मला रडू यायला हवं होतं, पण हसू इतकं जोरात वर येत होतं की दोन्ही एकदम बाहेर पडलं आणि कसलातरी तिसराच आवाज आला.

"काय झालं?" आबा बाहेरून घाबरून म्हणाले.

केतकीनं सांगितलं. आदरानं, पण एका दमात. की आजोबा, तो लाकडाचा असतो, हा स्टीलचा. तिथे सरकायचं असतं, इथे चिकटायचं असतं. आम्ही अंगाला साधं क्रीमसुद्धा लावत नाही.

पडद्याखालचा एक पाय दुसऱ्यावर चढला.

"अरारा," मग ते म्हणाले. "म्हणजे मीच पाडलं व्हय पोरीला."

पोरीला. सत्तेचाळीस वर्षांची मी.

"आबा," मी विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"स्लॅब मी ओतलाय, शैला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं, जसं 'पुरे' म्हणायचे. मी एवढी वर्षं त्यांच्या गप्प बसण्याला घाबरत होते आणि ते माझ्या घाबरण्याला घाबरून गप्प बसत होते. आंबेहळद जास्त का झाली होती तेही मला तिथेच, तेलानं माखलेल्या मांड्यांवर बसल्या बसल्या कळलं. त्यांचे गुडघे त्या दिवशी दुखतच नव्हते.

पहिल्या उठल्या त्या मंदावहिनी.

"एरंडेल हाय, नुसत्या फडक्यानं जायचं नाही ते," त्यांनी पदर खोचला. "शैला, बेसन कुठल्या डब्यात? आणि चहाचं आधण काढ बाजूला, गरम पाणी लागंल."

मग जे झालं ते मी आजही कुणाला सांगते तेव्हा नीट सांगता येत नाही. त्या सगळ्या बायका, सर्कस बघायला आलेल्या, त्या खांबाला भिडल्या. खाली बेसन चोळणाऱ्या, वर स्टुलावर चढून चोळणाऱ्या, मागून गरम पाण्याचं फडकं, शेवटी शमीम सिस्टरच्या स्पिरिटचा हात. खोलीत भजी तळल्यासारखा वास सुटला. आबा बाहेरून सूचना देत होते, "सांध्यात राहतं बघा, सांध्यात," आणि केतकी ओरडत होती, "आजोबा, याला सांधा नाहीये!" मंदावहिनींनी पुसता पुसता खांब दोन्ही हातांनी धरला, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच पाय उचलले. लटकल्या. खरंच लटकल्या. "उई," म्हणाल्या आणि खाली उतरून परत पुसायला लागल्या, जसं काही झालंच नाही.

खांब कोरडा झाला. केतकीनं बोटानं दाबून बघितलं, चर्र वाजलं.

"आबा, आत या," शमीम सिस्टर म्हणाल्या. "तुमीच उस्ताद. बघा तरी."

"नको नको. बायकांच्या तालमीत माझं काय काम? मी हितंच बसतो, पाठ करून." बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"न बघता काय कळणार?"

"इतके दिवस काय बघून कळलं व्हय?" आबा म्हणाले. "शैला, एक सांगू का?"

"सांगा."

"अर्ध्यावर गेलीस की तू श्वास दाबून धरतीस. पडायच्या आधी रोज तुझा श्वास बंद होतो. तिथं सोड. श्वास सोड, मग हात सोड."

मी पायांवरचं तेल धुऊन आले होते. गाउन खुंटीला होता. या खेपेला कुणी काही म्हणालं नाही, माझ्या पायांबद्दलही नाही. मी खांब धरला. पायाचा आकडा. गुडघे. अंग वर. चर्र. परत आकडा, परत वर. अर्ध्यावर आले आणि माझा श्वास नेहमीसारखा थांबला. तो थांबतो हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पोट आत, छाती वर, सगळं घट्ट. टेप लावलेल्या बाईसारखं. आयुष्यभर हेच केलं होतं मी, आणि बाकीच्यांचंही हेच गृहीत धरून कापलं होतं.

"सोड," बाहेरून आबा म्हणाले. अगदी हळू.

मी सोडला. पोट पुढे आलं, खांबाला लागलं, आणि चिकटलं! ज्या पोटाची मला एवढी लाज, त्यानं खांब धरला होता. मांड्यांनी धरला, पोटानं धरला, आणि माझा उजवा हात कुणी न सांगता सुटला आणि वर गेला.

मग मधलं काही मला आठवत नाही. एकदम हाताला खरबरीत, गार काहीतरी लागलं. स्लॅब.

खाली गलका झाला. केतकी रडत होती की ओरडत होती कोण जाणे. शमीम सिस्टर टाळ्या पिटत होत्या. त्यातून मंदावहिनींचा आवाज वर आला, "ए पोरी, ती चड्डी कुठल्या कापडाची लागते गं? आणि माझ्या मापाची होते का?" लगेच आणखी दोघी बोलायला लागल्या, दुपारची वेळ नको, सकाळची ठेव, मुलं शाळेत गेल्यावर. केतकी म्हणत होती, हो, हो, ठेवते, ठेवते.

मी वरच होते. मांड्या जळत होत्या, पण उतरावंसं वाटत नव्हतं.

"पोचलीस?" पडद्यापलीकडून आबांनी विचारलं.

"पोचले, आबा."

"काय दिसतंय वरनं?"

मी बघितलं. खिडक्यांना लावलेल्या साड्या, बायकांचे भांग, आणि शेजारी, अगदी नाकासमोर, बंद पंखा.

"पंख्यावर खूप धूळ आहे," मी म्हणाले.

आबा हसले. मोठ्यानं. मी त्यांना तसं हसताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"मग आता पोचलीच आहेस," ते म्हणाले, "तर पुसूनच खाली ये."